चांदणी म्हणजे सगळे

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. ते कामावर आलेत की नाही, हे त्यांच्या खोलीत डोकावून कळायचं नाही. दाराआडच्या खुंटीवर त्यांची डब्याची पिशवी आहे का, ते बघावं लागायचं. पिशवी असली की गृहस्थ आहेत. पिशवी त्यांच्यापेक्षा ठळक होती, कारण ती निदान लाल होती.

आमचं ऑफिस घरं विकण्याचं. म्हणजे दुसऱ्यांची. स्वतःचं घर विकायचं तर आधी ते असावं लागतं, आणि घर असण्याची अडचण आमच्यापैकी कोणालाच नव्हती. फोटोग्राफर घरोघरी जाऊन फोटो काढायचा. फोटोंखाली 'हवेशीर', 'प्रशस्त', 'मोक्याच्या जागी' वगैरे खोटं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. फोनताई फोन घ्यायच्या. साहेब आम्हा सगळ्यांवर ओरडायचे. आणि जिन्याखालच्या खोलीत, जिथे उभं राहिलं की डोकं आपटतं म्हणून माणूस आपोआप विनयशील होतो, तिथे चांदणीराव बसायचे.

हे नाव आम्हीच ठेवलेलं. फोटोग्राफर आठवड्याला तीनशेच्या आसपास फोटो आणायचा. त्यातले अर्धे आडवे, सगळे अवाढव्य, बहुतेक काळोखे. पूर्वी एकेक फोटो उघडायचा, सरळ करायचा, लहान करायचा, उजेड वाढवायचा, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह ठेवायचं, आणि पुढचा उघडायचा, असं दोन माणसं दिवसभर करायची. त्या दोघांतले एक चांदणीराव. त्यांनी कुठूनसं एक जाडजूड, मुखपृष्ठ गळालेलं पुस्तक मिळवलं आणि चार-पाच महिने त्यात नाक खुपसून बसले. मग एक दिवस त्यांच्या संगणकावर काळी खिडकी उघडली. नुसती काळी, चित्रं नाहीत, बटणं नाहीत, फक्त पांढरी अक्षरं. साहेबांना वाटलं, यंत्र बिघडलं. चांदणीरावांनी त्यात एक ओळ लिहिली. तिचा मराठीतला अर्थ साधारण असा, की या फोल्डरातले सगळे फोटो घे, आडवे असतील ते उभे कर, रुंदी बाराशे कर, उजेड थोडा चढव, कोपऱ्यात चिन्ह मार, आणि शेजारच्या, वेबसाइटच्या फोल्डरात नेऊन ठेव. एंटर दाबला. चहा निवायच्या आत तीनशे घरं उजळून निघाली.

त्या ओळीत 'सगळे' म्हणायला एक चिन्ह असतं, फुलीवर आणखी एक रेघ मारल्यासारखं. आम्ही विचारलं, "हे काय?" ते म्हणाले, "चांदणी. चांदणी म्हणजे सगळे. नावं घ्यावी लागत नाहीत." झालं. त्या दिवसापासून चांदणीराव.

या पराक्रमाचं बक्षीस म्हणून साहेबांनी दुसऱ्या माणसाला निरोप दिला, कारण आता दोघांची गरज उरली नव्हती. तो दुसरा माणूस म्हणजे ज्याच्याबरोबर चांदणीराव रोज डबा खायचे, तो. चांदणीराव त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. फक्त त्यानंतर ते डबा खोलीतच, संगणकाकडे तोंड करून खायला लागले. यंत्राबरोबर जेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. यंत्र निदान भाजी कशी झालीय, विचारत नाही.

त्यांचे नियम दोन. पहिला, आकड्याआधी शून्यं लावायची. 'घर_१' लिहिलं की ते कळवळायचे.

"अहो, शून्य शून्य एक लिहा. यंत्राला आकडे कळत नाहीत, अक्षरं कळतात. नुसतं एक लिहिलंत तर ते एकानंतर दहा घेतं, मग अकरा, आणि दोन बिचारा जातो एकोणिसाच्याही मागे."

"जाऊ दे की, चांदणीराव. दोनाला काय घाई आहे?"

"दोनाला नसेल. पण स्वयंपाकघराच्या जागी न्हाणीघर दिसलं की गिऱ्हाइकाला असते."

हा त्यांचा अकरा वर्षांतला एकमेव विनोद. तोही त्यांनी विनोद म्हणून केला होता की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत.

दुसरा नियम, फोटो बघायचे नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. चांदणीराव एक शीतसुद्धा चाचपायचे नाहीत. मोजायचे. तीनशे आले, तीनशे गेले, काम संपलं. "बघत बसलं की वेळ जातो," म्हणायचे. "लोकांची घरं आहेत, आपण कशाला बघायची?" आयुष्यभर घरांच्या फोटोंचं काम करून या माणसाने एकही घर पाहिलं नव्हतं. आणि त्यांचं घर आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं, हे आमच्या लक्षात यायला पुढचा प्रकार घडावा लागला.

गुरुवारी दुपारी आम्ही फोनताईंच्या टेबलाभोवती जमलो होतो. चांदणीरावांच्या हातून निघालेला ताजा गठ्ठा पडद्यावर आला होता. मला त्यातल्या एका खोलीचा मजकूर लिहायचा होता. तिसरा मजला, एकच खोली, एक खिडकी, नऊ फोटो.

"हे बघा ध्यान," फोटोग्राफर म्हणाला. "कुणीतरी एकटा भाडेकरू राहतो. मालकीणबाईंनी त्यांच्या किल्लीने उघडून दिलं. कॉट आहे, त्यावर चादर इस्त्री केल्यासारखी. आणि हा पठ्ठ्या झोपतो कुठे? जमिनीवर! ती बघा गादीची वळकटी."

"कॉट पाहुण्यांसाठी असेल," फोनताई म्हणाल्या.

"कुठले पाहुणे! चपलांचा एक जोड, कप एक, खुर्ची एक. कपसुद्धा मीच धुऊन ठेवला, फोटोत खरकटा दिसत होता."

मी म्हणालो, "लिहितो, 'एकट्या माणसाला प्रशस्त. दुसरा आल्यास त्याने उभं राहावं.'"

सगळे हसले. मीही हसलो, स्वतःच्या विनोदाला हसण्यात मी कधी काटकसर केलेली नाही.

"थांबा, थांबा, फळीवरचे डबे बघा," फोनताई चित्र मोठं करत म्हणाल्या. "चिठ्ठ्या चिकटवल्यात. काय लिहिलंय? साखर, शून्य शून्य एक. साखर, शून्य शून्य दोन. कॉफी, शून्य शून्य..."

त्यांचा आवाज वाक्याच्या मधेच बसला. फोटोग्राफरच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून कोणीतरी दिवा काढून नेल्यासारखं. मी मागे वळून पाहिलं. चांदणीराव दारात उभे होते, नेहमीसारखा आकडा सांगायला आलेले.

"तीनशे अठरा," ते म्हणाले. "बरोबर आहेत."

मग त्यांची नजर पडद्यावर गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण लहानपणी पाठ करतो, पण कळसा सापडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. त्या नऊ फोटोंचा उजेड त्यांनीच अर्ध्या तासापूर्वी चढवला होता. त्यांच्याच वळकटीवर, कोपऱ्यात, कंपनीचं चिन्ह मारलं होतं. त्यांनीच.

"माझी आहे," ते म्हणाले.

फोटोग्राफर उठून उभा राहिला. "चांदणीराव, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी बोललाच नाहीत, कुठे राहता ते."

"तुम्ही विचारलं नाहीत," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. तीनशे अठरा म्हणावं तसं म्हणाले. "कॉट आईची. ती गेल्यावर तशीच ठेवली." मग त्यांनी फोटोग्राफरला विचारलं, "तुम्ही मंगळवारी गेला होतात?"

"हो."

"कप तुम्ही धुतलात."

"हो. चुकलं का?"

"नाही, नाही. मंगळवारी घरी गेलो तर कप धुतलेला. खुर्ची खिडकीकडे तोंड करून. मला वाटलं, मीच केलं असेल आणि विसरलो. पण दोन दिवस बरं वाटत होतं. कोणीतरी येऊन गेल्यासारखं."

एवढं बोलून ते जिन्याखाली गेले. अकरा वर्षांत त्यांनी सलग इतकी वाक्यं बोलल्याचं ऐकिवात नाही. तो विनोद मी मजकुरातून खोडला, पण खोडल्याने हसून झालेलं हसू परत जात नाही.

आता खरा प्रश्न एवढाच होता, की चांदणीरावांची खोली जाते की राहते. सतरा वर्षं ते तिथे होते. आईची शेवटची चार वर्षंही तिथेच गेली. बहीण दूर गावी, रविवारी तिचा फोन यायचा, "जेवलास?" "जेवलो." "बरा आहेस?" "बरा." "ठेवते." खोली गेली तर या माणसाचं जगात नक्की काय उरतं, याचा हिशेब करायला चांदणीसुद्धा लागली नसती.

संध्याकाळी मी जिन्याखाली वाकून शिरलो. डोकं आपटलं. ते नऊ फोटो एकेक करून उघडून बघत होते. बघत होते! मी शेजारी खोक्यावर बसलो.

"मालकीणबाई काही बोलल्या नव्हत्या?"

"नाही."

"चांदणीराव, एक सुचवू? तुमच्या हातात सगळं आहे. या नऊ फोटोंचा उजेड उतरवून टाका. भुयारासारखी खोली दिसली की कोण फिरकतंय? महिनाभर कोणी आलं नाही की बाई कंटाळतील."

"तसं करणं बरोबर नाही."

"बरोबर नाहीच. मी रोज 'प्रशस्त' लिहितो, तेही बरोबर नाही."

मी उठलो, परत डोकं आपटलं, आणि घरी गेलो.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, मला कशाला, साऱ्या शहराला कळलं. चांदणीरावांनी काळी खिडकी उघडली. उजेड उतरवायचा आकडा लिहिला. आता त्यापुढे त्या नऊ फोटोंचे क्रमांक लिहायचे, दोनशे चार ते दोनशे बारा. पण अकरा वर्षं त्या जागी त्या हाताने एकच गोष्ट लिहिली होती. मनात होती स्वतःची खोली, बोटांनी लिहिली चांदणी. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न मोजता एंटर दाबला, यंत्र बंद केलं आणि चोरासारखे निघून गेले. चोरी करायचा सराव नसलेल्या माणसाने चोरी केली की ती अशी घाऊक होते.

सकाळी फोनताईंच्या टेबलावर फोनांचा कल्लोळ. "माझ्या बंगल्याला ग्रहण लागलंय का हो?" "आमचा दिवाणखाना आहे तो, तुरुंग नाही!" एका निवृत्त न्यायाधीशांनी तर विचारलं की स्वयंपाकघरात खून झाल्यासारखा फोटो कोणाच्या परवानगीने लावला. तीनशे अठराच्या तीनशे अठरा फोटोंत तिन्हीसांज झाली होती. दिव्याखाली अंधार असतो हे ठाऊक होतं; इथे दिवाच अंधार पाडत होता.

साहेब गरजले, "कुणी केलं हे?"

फोटोग्राफर पुढे झाला. "साहेब, माझ्या कॅमेऱ्यात..."

"मी केलं," चांदणीराव मागून म्हणाले. "मूळ फोटो वेगळे ठेवलेले असतात. दोन मिनिटांत पूर्ववत होईल."

"होईल हो, पण का केलंत?"

चांदणीराव जमिनीकडे बघत राहिले. इतका वेळ, की साहेबसुद्धा जमिनीकडे बघायला लागले.

"मला ती खोली सोडायची नाही," ते म्हणाले.

साहेबांना आदल्या दिवशीचं काही माहीत नव्हतं; फोनताईंनी चार वाक्यांत सांगितलं. साहेब खुर्चीत बसले. ओरडायची इतकी सवय, की हळू बोलताना त्यांचा आवाज फाटायला लागला.

"अहो, मग हे मला सांगून काय उपयोग? त्या यंत्राला सांगून काय उपयोग? मालकीणबाईंना सांगितलंत का?"

"नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीत त्यांच्याशी?"

"तसा प्रसंग आला नाही."

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. फोनताईंनी घेतला, ऐकलं, आणि हाताने तोंडाकडची बाजू झाकून आमच्याकडे पाहिलं. "एक बाई आहेत. रात्रपाळीच्या नर्स. काल रात्री ड्यूटीवर फोटो बघितले म्हणतात. त्यांना दिवसा झोपायला अंधारी खोली हवीय, एकटीला पुरेल अशी. दोनशे चार नंबरच्या फोटोतली."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं आपण सहज म्हणतो. त्या क्षणी मला चांदणीरावांकडे बघवेना. त्यांना हा उपाय मी सुचवला होता.

चांदणीराव त्या संध्याकाळी जिन्यात मालकीणकाकूंसमोर उभे राहिले. हे आणि यापुढचं त्यांच्याकडून मला तुकड्यातुकड्यांनी मिळालं. तुकडे मीच जोडले आहेत.

"काकू, खोली विकायला काढलीत, मला बोलला नाहीत."

"कसं बोलू?" काकू म्हणाल्या. "सकाळी मान खाली घालून जाता, संध्याकाळी मान खाली घालून येता. मानेला सांगू? तीन वेळा दारात उभी राहिले. एकदा तर 'अहो' म्हटलंसुद्धा. तुम्ही 'नमस्कार' म्हणून वर गेलात."

"मला ऐकू आलं नसेल."

"मुलीकडे जातेय मी कायमची. गुडघ्यांना जिना होत नाही. तुम्हाला घालवायची हौस नाही मला. तुमची आई होती तेव्हा किती गप्पा मारायची माझ्याशी. म्हणायची, माझा मुलगा घुमा आहे, पण लबाड नाही." मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी एक नर्सबाई येतायत, परस्पर ड्यूटीवरून. त्यांना नाही आवडली, तर बघू. आणखी कोणी विचारलेलं नाही."

चांदणीरावांना यात एक फट दिसली, आणि ती फट खरेपणाची होती, म्हणून त्यांना हायसं वाटलं. नर्सबाईंना अंधार हवा होता. खोली तर अंधारी नाहीच. सकाळी साडेसातपासून नऊपर्यंत खिडकीतून ऊन थेट आत येतं, भिंतीपर्यंत पोचतं. एवढं सांगितलं की संपलं. खोटं बोलायचं नाही, फसवायचं नाही. केलेली चूक फक्त दुरुस्त करायची. रात्रभर त्यांनी ते वाक्य मनात लिहून पुन्हा पुन्हा तपासलं, एंटर दाबण्यापूर्वी तपासतात तसं.

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला बाई आल्या. चाळिशीच्या. पायांत पांढरे बूट, खांद्यावर जड पिशवी, डोळ्यांभोवती रात्रभराचं जागरण. तीन मजले चढून दारात दम खात उभ्या राहिल्या. चांदणीरावांनी दार सताड उघडलं आणि नमस्कारही न करता वाक्य म्हणून टाकलं.

"फोटोत दिसते तशी खोली अंधारी नाही. फोटो चुकीचा आहे. मीच बिघडवला होता. सकाळी नऊपर्यंत ऊन येतं. तुम्हाला झोप लागणार नाही."

बाई आत आल्या. खोलीत ऊन होतंच, खुर्चीपर्यंत आलेलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि उन्हात हात धरला.

"रोज येतं?"

"ढग नसले तर रोज."

"माझी ड्यूटी साडेसातला संपते," बाई म्हणाल्या. "आता राहते तिथे खिडकी भिंतीवर उघडते. जाते तेव्हा अंधार, उठते तेव्हा अंधार. अहो, अंधार काय, पडदा लावून करता येतो. ऊन कुठून आणायचं?"

चांदणीरावांजवळ दुसरं वाक्य तयार नव्हतं. तपासलेलं एकच होतं, आणि ते वापरून झालं होतं.

"बसू का दोन मिनिटं?" बाईंनी विचारलं. "जिना फार आहे."

"बसा ना. पाणी देतो."

ते पेला भरून वळले, तोपर्यंत बाईंची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. तोंड थोडं उघडं, एक बूट अर्धा निघालेला. उन्हात, अनोळखी माणसाच्या घरात, रुग्णालयातल्या साऱ्या रात्रीचा शीण घेऊन त्या गाढ झोपल्या होत्या.

चांदणीराव पेला हातात धरून उभे राहिले. उठवावं का? कामाला जायची वेळ झाली होती, उशीर त्यांनी कधी केला नव्हता. त्यांनी आवाज न करता पेला खुर्चीजवळ जमिनीवर ठेवला. खिडकीचं एक दार वाऱ्याने हलत होतं, ते कागदाची घडी खुपसून घट्ट केलं. मग चपला हातात घेतल्या, अनवाणी बाहेर आले, आणि दार ओढून घेतलं, कडी न लावता.

खालून काकूंनी मोठ्याने विचारलं, "काय हो, आवडली का त्यांना?"

चांदणीराव कठड्यावरून वाकले आणि बोट ओठांवर ठेवलं.

"हळू, काकू," ते म्हणाले. "झोपल्यायत त्या."